पल्सर १५०: ॲव्हरेज ४८ वरून ३१ वर आलं, ते परत आणताना केलेल्या कामाची नोंद

गाडी: बजाज पल्सर १५० डीटीएस-आय, २००८ ची. कार्बोरेटरवाली, पुढे डिस्क, मागे ड्रम. आधी अण्णांची होती, आता रोजची माझी. सातारा ते कोरेगाव जाऊन येऊन साधारण चाळीस किलोमीटर. कुणाच्या दोन प्लगच्या जुन्या गाडीचं ॲव्हरेज असंच पडलं असेल तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत, म्हणून सगळं लिहून ठेवतोय. जिथे चुकलो तेही ठेवलंय.

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आज यवतेश्वरचा घाट चढताना गाडीने हात टेकले. मी एकटाच होतो, मागे कुणी नाही, सामान नाही. पूर्वी तिसऱ्या गिअरवर सहज चढायची त्या वळणावर वेग ३५ च्या खाली आला आणि दुसरा टाकावा लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला तरी नुसता आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. मिसिंग, म्हणजे इंजिनाचं मध्येच अडखळणं, मात्र अजिबात नाही. सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात सुरू, उभी असताना रेस सरळ, धूर नाही. म्हणून तर इतके दिवस मी दुर्लक्ष केलं.

घरी येऊन अण्णांची वही काढली. अण्णा एसटीत चालक होते. तिथे डिझेलचा हिशेब केपीटीएलवर चालतो, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. आजही टाकी कुणीही भरली तरी आकडे त्यांना द्यायचे आणि ते वहीत उतरवतात: तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, केपीटीएल. या वर्षीचे आकडे असे आहेत. मार्च ४८२, एप्रिल ४७६, मे ४७९, जून ४७१. जुलैच्या शेवटी ३८८. ऑगस्टमध्ये ३८१ आणि ३९२. सप्टेंबरअखेर ३२२. परवा ३१४.

म्हणजे लिटरला ४८ देणारी गाडी ३१ वर आलीय. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर अकरा लिटर जास्तीचं जळतंय. पेट्रोल १०४ च्या घरात. अकराशे-साडेअकराशे रुपये दर महिन्याला सायलेन्सरमधून जातायत.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काहीही खोलायच्या आधी स्वतः मोजायचं ठरवलं. अण्णांची पद्धत सोपी आहे. पंप तोच, गाडी मेन स्टँडवर, टाकीच्या गळ्यातल्या पट्टीला पेट्रोल टेकलं की थांबायचं. आज तसंच भरलं आणि किलोमीटर लिहून घेतले. मोबाइलवर जीपीएस लावून कोरेगावपर्यंत मीटरही ताडून पाहिला. वीस किलोमीटरला शंभर-दीडशे मीटरचा फरक निघाला, म्हणजे मीटर ठीक आहे. कधीकधी सगळा घोळ मीटरचाच असतो, त्यामुळे ही शंका आधी मिटवलेली बरी.

सोमवार, २० ऑक्टोबर

मोजण्यात चूक झाली. शुक्रवारी संध्याकाळी पंपावर रांग होती, मागचे हॉर्न देत होते, मेन स्टँड न लावता साइड स्टँडवरच पेट्रोल भरून घेतलं. १६३ किलोमीटरला ४.३१ लिटर बसलं, म्हणजे ३७.८. मला वाटलं, नुसतं नीट चालवल्यानेच सुधारलं. घरी तसं सांगितलंही.

आज मेन स्टँडवर भरलं. कोरेगावची एक खेप आणि दिवाळीची धावपळ मिळून १२२ किलोमीटर झाले होते, बसलं ४.९० लिटर. हिशेब २४.९! अण्णांनी दोन्ही आकडे शांतपणे एकत्र केले: २८५ किलोमीटर, ९.२१ लिटर, म्हणजे ३०.९. तिरक्या उभ्या गाडीत टाकी खरी भरत नाही, राहिलेली जागा पुढच्या वेळी भरली जाते. त्या शुक्रवारच्या आकड्यावर थांबलो असतो तर पुढचं काहीच सापडलं नसतं.

मधल्या दिवसांत वरवरच्या गोष्टी करून घेतल्या. हवा पुढे १९ आणि मागे २१ पीएसआय निघाली. ती पुढे २५, मागे २८ केली. एअर फिल्टर काळा पडला होता, तो नवा टाकला, २१० रुपये. क्लच घसरतोय का ते सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरवर एकदम पिळून पाहिलं. आरपीएमचा काटा एकटा वर पळाला नाही, वेगाबरोबरच चढला. क्लच चांगला. चोक पूर्ण मागे येतो का तेही पाहिलं, येतो.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाला घरी आलेल्या प्रत्येकाचं एकच म्हणणं: ‘इथेनॉलमुळे होतंय. जुन्या गाड्यांना ई-२० चालत नाही.’ आपल्या उसाच्या भागात हा विषय निघाला की तासभर चालतो. मला मात्र हिशेब पटेना. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल म्हणजे एका लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींसाठी तीन ते चार टक्के घट धरली आहे. सात टक्के धरले तरी ४८ चे ४५ होतील, ३१ होणार नाहीत. आणि आमच्या पंपावर ई-२० चा फलक वर्षभर आहे. मार्च ते जून याच पेट्रोलवर गाडी ४८ देत होती.

इथेनॉलचा जुन्या रबरावर परिणाम होतो हे खरं आहे, त्यामुळे पेट्रोलची नळी पाहून घेतली. कडक झाली होती, पण कुठे चिरलेली नव्हती. मनातली ही शंका मिटली हे चांगलं झालं, कारण एकदा ‘पेट्रोलच खराब’ म्हटलं की माणूस पुढे शोधायचंच सोडून देतो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कार्बोरेटर काढला. ॲव्हरेज म्हटलं की सगळे आधी कार्बोरेटरकडे बोट दाखवतात, मीही तेच केलं. इथे तीन चुका झाल्या.

पहिली चूक. खालच्या वाटीचे स्क्रू जाम होते. मापाला न बसणारा स्टारचा स्क्रूड्रायव्हर लावून जोर केला आणि एकाचं तोंड घासलं. तो काढायला वर्कशॉपमध्ये १०० रुपये आणि दीड तास. नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर लावून वरून हातोडीचा हलका ठोका दिला असता तर सुटला असता. बाकीचे तीन तसेच सुटले.

दुसरी चूक मोठी. हवेचा स्क्रू किती वेढे बाहेर आहे ते न मोजताच काढला. तुम्ही असं करू नका. आधी हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, वेढे मोजा, कागदावर लिहा, मगच काढा.

तिसरी चूक पुढे सांगतो, ती तेव्हा कळलीच नव्हती.

आत फारसं काही निघालं नाही. वाटीच्या तळाला पांढरट भुकटी होती, पाणी साचून राहिल्यावर धरते तशी. जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, उजेडात धरून पाहिले, गोल आणि मोकळे. वरचा रबरी डायफ्राम दिव्यासमोर ताणून पाहिला. या कार्बोरेटरमध्ये तो बारीक जरी फाटला तरी कार्बोरेटरमधला पिस्टन नीट वर जात नाही आणि घाटात असंच होतं, म्हणून मी तिथेच काहीतरी सापडेल या आशेवर होतो. डायफ्राम अख्खा निघाला. स्प्रे २२०, पॅकिंग ६०.

बसवून झाल्यावर रेस थरथरत होती. हवेचा स्क्रू कानाने लावला: गाडी गरम करून स्क्रू हळूहळू फिरवायचा, जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे सोडायचा, मग रेसच्या स्क्रूने १४०० वर आणायचं. तासभर लागला, पण लागला. संध्याकाळी टाकी भरली.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

२०९ किलोमीटर, ६.५५ लिटर. ३१.९.

म्हणजे एअर फिल्टर, हवा आणि कार्बोरेटर या सगळ्यांनी मिळून एक किलोमीटर दिला. घाटात तेच वळण, तोच दुसरा गिअर.

रात्री अण्णांनी विचारलं, ‘प्लग बघितलास का?’ मी म्हटलं, प्लग कसा खराब असेल, एका झटक्यात सुरू होते, मिसिंग नाही. ते म्हणाले, ‘प्लग दोन आहेत ना तिला?’

रविवार, २ नोव्हेंबर

एक प्लग बंद असला तर साधी गाडी चालूच होत नाही. या इंजिनाला डोक्यात दोन बाजूंना दोन प्लग आहेत. एक बंद पडला तरी दुसऱ्याच्या जोरावर इंजिन सुरू होतं, उभं राहून सुरेख चालतं, गावातल्या वेगाला तक्रारही करत नाही. पण सीडीआय (प्लगला करंट कधी द्यायचा ते ठरवणारा डबा) करंट सोडतो तो दोन ठिकाणहून आग लागेल या हिशेबाने. एकाच बाजूने पेटलं की ज्योत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पिस्टन खाली गेलेला असतो. जे पेट्रोल चाकाला ताकद द्यायला हवं ते सायलेन्सर तापवत बसतं. घाटात जोर लागतो तेव्हा हेच जाणवतं.

तपासायची पद्धत पाच मिनिटांची आहे, आणि मी तीन आठवडे दुसरीकडे शोधत होतो.

गाडी मेन स्टँडवर, गरम, आरपीएम १४००. एका प्लगची कॅप काढायची. कॅपमध्ये एक जादा प्लग खोचून त्याचं लोखंड इंजिनाच्या मोकळ्या धातूला टेकवून ठेवायचं. कॅप तशीच लोंबकळत ठेवू नका, कॉइलवर ताण येतो आणि हाताला जबर झटका बसतो. हे सगळं गाडी बंद करून जोडायचं, मग सुरू करायची. दोन्ही प्लग चांगले असतील तर कोणताही एक काढला तरी इंजिन दुसऱ्यावर चालू राहतं, फक्त रेस थोडी पडते.

आधी आत असलेल्या, नळीत खोल बसलेल्या प्लगची कॅप काढून सुरू केली. काटा १४०० वर होता तसाच. जराही हलला नाही. मग ती बसवून बाहेरच्या, सहज हाताला येणाऱ्या प्लगची कॅप काढली. सेल्फ फिरत राहिला, इंजिनाने साधा फटकाही मारला नाही.

म्हणजे जुलैपासून गाडी एका प्लगवर होती.

आता कार्बोरेटरची तिसरी चूक कळली. हवेचा स्क्रू मी एका प्लगवर चालणाऱ्या इंजिनाला कानाने लावला होता. तो पुन्हा लावावा लागणार. करंट पूर्ण असल्याची खात्री होईपर्यंत कार्बोरेटरला हात लावायचा नाही हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आतला प्लग काढायचं काम. संध्याकाळी साडेसहाला बसलो, बॅटरीच्या उजेडात.

कॅप ओढली तेव्हा चिखलातून बूट निघावा तसा आवाज आला. नळीत उजेड टाकला तर तळाशी विटकरी रंगाचं पाणी. अर्धा चमचा असेल. प्लगचं षटकोनी लोखंड त्यात बुडालेलं, वर गंजाचे पापुद्रे. कॅपच्या रबराला आतून हिरवट थर, आतली स्प्रिंग गंजून तुटलेली, तिचा तुकडा प्लगच्या टोकावर तसाच.

अण्णांच्या वहीत जुलैच्या १४ तारखेला शेरा आहे: ‘सर्व्हिसिंग, फोम वॉश.’ प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुतलं तेव्हा नळीत पाणी गेलं आणि तिथेच राहिलं. पुढच्याच टाकीला ४७१ चे ३८८ झाले. त्या बिलात प्लग बदलल्याचं लिहिलंय, एकच प्लग. बाहेरचा. आतल्याला हात लागला नव्हता. यात मला गॅरेजवाल्यावर चिडायचं नाही, बिल आमच्याकडे तीन महिने पडून होतं आणि ‘प्लग १ नग’ आम्हीही वाचलं होतं.

प्लग लगेच फिरवायचा मोह आवरा. नळीत पाणी आणि गंज असताना प्लग सोडला तर सगळा कचरा सिलिंडरमध्ये पडतो. आधी सिरिंजला व्हॉल्व्ह ट्यूब लावून पाणी ओढलं. मग सायकलच्या पंपाने हवा मारून पापुद्रे उडवले. डोळ्यावर चष्मा असू द्या, सगळं तोंडावर येतं. मग गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, १९० रुपये.

दुकानातून आणलेला प्लग पाना नळीत शिरेना, बाहेरून जाड. १८० रुपये फुकट. गाडीबरोबर आलेला पातळ पत्र्याचा पाना सीटखालच्या पिशवीत होता, तोच बसला. कंपनीचा पाना टाकून देऊ नका.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळी इंजिन दोन मिनिटं चालवून कोमट केलं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम झालं की जरा सैल पडतं, पण कडकडीत गरम असताना सोडलात तर आटे जातात. पाव वेढा उलट, पुन्हा सुलट, स्प्रे, पुन्हा उलट. चाळीस मिनिटं. एकदा करकर आवाज आला आणि मी हात काढून दोन मिनिटं नुसता बसलो. हेडचे आटे गेले असते तर खर्च हजारात गेला असता. शेवटी निघाला. आटे शाबूत.

प्लगचं टोक कोळशासारखं काळं, ओलं, पेट्रोलचा वास. बाहेरचा काढून शेजारी ठेवला: त्याचं टोक राखाडी, सुकं. एकाच इंजिनाचे दोन प्लग आहेत हे कुणाला पटलं नसतं.

आतल्या वायरीला करंट येतो का ते नव्या प्लगवर पाहिलं. जुनी कॅप लावून काही नाही. कॅप वायरीवरून आटे फिरवून काढली, वायरीचं काळं पडलेलं टोक जरासं कापलं, बाहेरच्या प्लगची कॅप त्यावर बसवली. निळी ठिणगी, टक टक टक. कॉइल चांगली, वायर चांगली, दोष फक्त कॅपचा आणि प्लगचा. मल्टिमीटरवर चांगल्या कॅपने पाच किलो-ओहमच्या आसपास दाखवलं, खराब कॅपने काहीच नाही. ही अदलाबदल केली नसती तर दुकानदाराच्या सांगण्यावरून कॉइलही घेतली असती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्लग दोन २४० रुपये, कॅप दोन १९० रुपये. दोन्ही बाजूंचे बदलले, म्हणजे पुढे हिशेब एकच राहील. गॅप ०.७ मिलिमीटर. प्लग आधी नुसत्या हाताने, पान्याचा दांडा न लावता, पूर्ण बसेपर्यंत फिरवला. हाताने जात नसेल तर आटे तिरके लागलेत, तिथेच थांबायचं.

सुरू केली. रेस आपोआप १७०० वर गेली, कारण मी ती एका प्लगवर वर चढवून ठेवली होती. हवेचा स्क्रू पुन्हा लावला, या वेळी वेढे मोजून लिहिले. मग परीक्षा: आतली कॅप काढून, चालू. बाहेरची काढून, चालू. टाकी भरून घेतली.

रविवार, ९ नोव्हेंबर

यवतेश्वर. तेच वळण, तिसरा गिअर, ४५. वर मोकळ्या जागी गाडी लावून दहा मिनिटं उभा राहिलो. खाली सातारा धुक्यात होतं. फार बरं वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

२४७ किलोमीटर, ६.०८ लिटर. ४०.६.

३२ वरून ४०.६ हे चांगलंच आहे. पण ४८ नाही. ओढ परत आली आहे आणि ॲव्हरेज पूर्ण आलेलं नाही, हे मला कोड्यात टाकत होतं.

अण्णांनी वही पुन्हा समोर ठेवली. मी पहिल्या दिवशी एवढंच पाहिलं होतं की ४८ होते, ३१ झाले. मधल्या पायऱ्या पाहिल्याच नव्हत्या. जुलैला ४७१ चे ३८८, मग ऑगस्टभर तिथेच. आणि सप्टेंबरात पुन्हा एकदम ३२२. उतार असता तर एकच झीज म्हटली असती. इथे दोन पायऱ्या आहेत, म्हणजे कारणं दोन. सप्टेंबरच्या ११ तारखेला शेरा: ‘मागचे लायनर नवे, चेन आवळली.’

हे सगळं १२ ऑक्टोबरलाही त्याच पानावर होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

कोरेगावहून येताना संगम माहुलीच्या अलीकडे सपाट रस्त्यावर ५० च्या वेगाला क्लच दाबून गाडी सोडून पाहिली. पूर्वी किती लांब जायची ते मोजलेलं नाही, पण आता ब्रेक लावल्यासारखी थांबली. घरी येताच मागच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले, चुर्र झालं. आख्ख्या वाटेत मी मागचा ब्रेक दोनदा दाबला असेल.

मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये चाक हाताने जोरात फिरवलं. अर्धा फेरा.

पायाच्या पेडलला मोकळा खेळ अजिबात नव्हता. लायनर नवे टाकताना रॉडचं नट ताणून आवळलं होतं. नट सोडूनही चाक पूर्ण मोकळं होईना, म्हणून ड्रम खोलला. लायनर उघडणारी आतली पिन चिखलाने आणि सुक्या ग्रीसने आखडली होती, ब्रेक सोडल्यावर परत फिरतच नव्हती. पिन काढून पॉलिश पेपरने साफ केली, बोटाच्या टोकावर राहील एवढंच ग्रीस लावलं. जास्त लावलं तर ते लायनरवर जातं. ग्रीस ५० रुपये. लायनरचा चकाकलेला पृष्ठभाग पेपरने खरडला, धूळ ओल्या फडक्याने पुसली, ती फुंकायची नाही.

चेनही ताणलेली. खालच्या पट्टीचा वर-खाली खेळ जेमतेम ८ मिलिमीटर. चाक फिरवत चेन सगळ्यात ताठ असते ती जागा शोधली, तिथे २८ ठेवला. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, ढिल्या जागी मोजून आवळली की ताठ जागी ती बेअरिंगला ओढत राहते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना ते पाहून एक्सल आवळला.

आता चाक हाताने फिरवलं तर पाच फेरे.

ब्रेक आणि चेन एकाच दिवशी केल्यामुळे कशाने किती फरक पडला ते वेगळं सांगता येणार नाही. एका वेळी एकच बदल हा नियम मी इथे मोडला, पण तापणारा ड्रम घेऊन आणखी आठवडा चालवायची तयारी नव्हती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

१५ तारखेपासून २४१ किलोमीटर, ५.४४ लिटर. ४४.३. यात पहिला एक दिवस जुन्या ब्रेकचा आहे.

गल्लीतल्या मेकॅनिक दादांकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा) दोन-तीन दिवसांसाठी मागून आणला. आमच्या प्लगच्या जागी बसणारा अडॅप्टर वेगळा लागतो, तो त्यांच्याकडे होता. बाहेरच्या प्लगच्या जागी गेज, आतला प्लग घट्ट तसाच, दोन्ही कॅपना जादा प्लग लावून इंजिनाला टेकवलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, सेल्फ. १०५ पीएसआय, कमीच. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा घेतलं तर १०८. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलने रीडिंग चांगलंच चढलं असतं. चढलं नाही, म्हणजे हवा व्हॉल्व्हमधून जातेय.

दादा म्हणाले, ‘टॅपेट वाजत नाहीत ना तुझे? मग घट्ट आहेत.’ मी तर इंजिन किती शांत चालतंय म्हणून खूश होतो. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट लावायचे स्क्रू. गिऱ्हाइकाला टॅपेटचा आवाज आवडत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते आवळून देतात. व्हॉल्व्ह जसजसा बसत जातो तशी फट आणखी कमी होते आणि एके दिवशी तो पूर्ण बंदच होत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

टॅपेट. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) १६० रुपये, टॅपेट झाकणांच्या ओरिंग ६०. माप: इनलेट ०.०५, एक्झॉस्ट ०.१० मिलिमीटर, इंजिन पूर्ण थंड. म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडायची, ‘तासाभरात थंड झाली’ चालत नाही.

मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) समोर आणली आणि दोन्ही टॅपेट लावले. सुरू केली तर शिवणयंत्रासारखी खडखड. पुन्हा थंड व्हायला संध्याकाळपर्यंत थांबलो. चूक अशी: टी खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते. एकदा दाबाच्या टोकाला, एकदा एक्झॉस्ट बंद होता होता इनलेट उघडतो तेव्हा. मी दुसऱ्या वेळेला लावले. खूण समोर आल्यावर दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात का ते पाहायचं. अडकलेले वाटले तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. आधीच घट्ट असलेले टॅपेट हलत नाहीत, त्यामुळे मी फसलो. इनलेटचा रॉकर दाबून वर येताना डोळ्याने पाहायचा, तो वर आल्यानंतरची पहिली टी खूण ती खरी.

दुसऱ्या वेळी बरोबर बसले. एक्झॉस्टला ०.०५ ची पट्टीसुद्धा आधी शिरत नव्हती. नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून पाहा. माझे दोनदा बदलले. आता इंजिनात बारीक टिकटिक येते, ती येऊ दे. कॉम्प्रेशन गेज परत द्यायच्या आधी रीडिंग घेतलं: १२८.

संध्याकाळी टाकी भरली.

रविवार, ३० नोव्हेंबर

२५४ किलोमीटर, ५.५० लिटर. ४६.२.

एकूण खर्च १,६६० रुपये. त्यातले कार्बोरेटरचे ३८० आणि चुकीच्या पान्याचे १८० वाचले असते. वेळ सात आठवडे, त्यातले पहिले तीन चुकीच्या दिशेने. अजून दोन किलोमीटर कमी आहेत. लायनर खरडलेत ते पूर्ण बसायचेत, पेट्रोलची कडक नळी बदलायचीय, दोन्ही प्लगची टोकं हजार किलोमीटरनंतर काढून रंग पाहायचाय. गाडी यापुढे बादली आणि फडक्याने धुतली जाईल. दोन्ही कॅपच्या तोंडाला सिलिकॉन ग्रीसचा थर लावलाय.

अण्णांनी वहीत ४६२ लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात ‘प्लग २ नग’ लिहून खाली रेघ मारली आणि विचारलं, ‘हवा कधी बघितलीस?’ उद्या सकाळी पंपावर बघायचीय.